खोट्या विजेचे मानकरी

अगं, तू आधी बस, दोन चहा सांग आणि फक्त ऐक. मध्ये एक शब्द बोलू नकोस, कारण मध्ये कुणी बोललं की माझा धागा सुटतो आणि मग मी कुठून कुठे जाते ते तुला माहीतच आहे. मला खरं तर तुला एकच गोष्ट विचारायची आहे, एका वाक्याची. पण ते वाक्य नुसतं विचारलं तर तू म्हणशील हिचं डोकं फिरलंय. आणि डोक्यापासूनच तर सगळं सुरू झालं.

माझी ताई मेंदूवर पीएचडी करते. म्हणजे ती नेमकं काय करते हे आमच्या घरात कुणालाच कळलेलं नव्हतं. आई विचारणाऱ्यांना ‘डॉक्टर होतेय’ एवढंच सांगायची, आणि मग माणसं ताईला गुडघे दाखवायला यायची. मला मात्र आता सगळं पाठ आहे. डोक्यावर दोन ओले स्पंज ठेवायचे, पट्टीने बांधायचे आणि त्यातून बारीक वीज सोडायची. इतकी बारीक की खेळण्यातली गाडीसुद्धा जागची हलणार नाही. सुई नाही, टाका नाही, कापाकापी नाही. आत मेंदूत एक रसायन असतं, त्याचं नाव गाबा. त्याचं काम ब्रेकचं. पेशींनी फार वळवळ चालवली की हा म्हणतो, बसा खाली. पण काही नवीन शिकायचं तर हा ब्रेक जरा सैल व्हावा लागतो, आणि ही बारीक वीज तो सैल करते का, हे ताईला बघायचं होतं. ते कसं कळणार? तर एक मोठं चुंबकाचं नळकांडं असतं. त्यात माणसाला झोपवलं की बाहेरूनच आतलं रसायन मोजता येतं. मी ताईला म्हटलं, आईला नको सांगूस, ती सगळ्यांचं मोजून आणायला सांगेल.

आणि हात किती शिकला हे कळायला बोटांचा एक खेळ. डाव्या हाताची चार बोटं चार बटणांवर ठेवायची. करंगळी एक नंबर, तिथून मोजत अंगठ्याशेजारचं बोट चार नंबर. क्रम असा: चार, एक, तीन, दोन, चार. संपला की परत चार, एक, तीन, दोन, चार. जमेल तितक्या वेगाने. बस, एवढंच. लहान मूल कंटाळेल असा खेळ, पण त्याने आमच्या बिल्डिंगमधली निम्मी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत.

आता यातली मेख अशी की अर्ध्या लोकांना खोटी वीज द्यायची असते. स्पंज तेच, पट्टी तीच, सुरुवातीला चुरचुरतंही तसंच, पण थोड्या वेळाने यंत्र गुपचूप बंद. माणूस आपला डोळे मिटून मेंदू सुधारायची वाट बघत बसलेला. खरी कुणाला आणि खोटी कुणाला हे फक्त कॉम्प्युटरला माहीत. ताईला नाही, तिच्या सरांना नाही. नाहीतर म्हणे आपणच नकळत खरीवाल्याला जास्त शाबासकी देतो.

तर ताईची अडचण एकच होती. माणसं मिळेनात. कॉलेजची मुलं यायची, स्पंज बघितला की केस खराब होतील म्हणून पळायची. आणि टर्म संपायच्या आत आकडे आले नाहीत तर ते नळकांडं दुसऱ्या विभागाला जाणार, म्हणजे ताईची सगळी वर्षं कपाटात. ती घरी यायची, जेवायची आणि भिंतीकडे बघायची. बाबा म्हणाले, “हिला कुणी काही बोलू नका, हिचा ब्रेक लागलाय.”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ताई, माझा मेंदू घे. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “तू डावखुरी आहेस. चालणार नाही. सगळी माणसं उजव्या हाताची लागतात.” म्हणजे बघ, लहानपणी शाळेत कात्री चालली नाही, मान्य. पण विज्ञानालाही मी नको? मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विचार केला, ठीक आहे, माझा मेंदू नको ना, मी दुसऱ्यांचे आणून देते. एवढे आणते की तुला नळकांडं पुरणार नाही.

आणि मी लिफ्टमध्ये उभी राहिले.

खरंच. लिफ्टमध्ये माणूस पळू शकत नाही, आणि वर जाईपर्यंत त्याला कुठेतरी बघावं लागतंच. मी म्हणायची, मेंदूचा फोटो फुकट काढून मिळेल. एवढंच वाक्य. ‘फुकट’ ऐकल्यावर मेंदूचं काय होतं यावर कुणीतरी वेगळी पीएचडी करायला पाहिजे. सगळ्यात आधी आले सोसायटीचे अध्यक्ष, त्यांना सगळे साहेब म्हणतात. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले, पण ते अजून बँकेला कळवायचं राहिलंय असं वाटतं. साहेब म्हणाले, “शिकलेल्या माणसाने विज्ञानाला सहकार्य केलं पाहिजे. सर्टिफिकेट देणार का?” मग टायपिंगच्या काकू आल्या. तिसरा मजला, आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला, अर्ध्या शहराच्या बोटांना त्यांनी वळण लावलेलं. मग सेक्रेटरी काका, दंतवैद्यीण वहिनी, बाबा स्वतः, आणि बघता बघता रांग लागली. ताई मला मिठी मारून म्हणाली, “तू नसतीस तर माझं काय झालं असतं.” हे वाक्य तू लक्षात ठेव. पुढे मला ते फार लागणार आहे.

पहिला अपघात सेक्रेटरी काकांचा. चुंबकाच्या खोलीत जायच्या आधी विचारतात, अंगावर धातू आहे का, दात, पिना, क्लिपा. आणि काकांचे ते दाट केस क्लिपांवरच उभे आहेत हे आख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त बिल्डिंगला माहीत आहे हे काकांना. ताई बिचारी अदबीने म्हणाली, “काका, डोक्यावरचं काही काढून ठेवायचं असेल तर तिकडे आरसा आहे.” काका आरशासमोर जाऊन उभे राहिले, स्वतःकडे बघितलं, भांग सारखा केला आणि म्हणाले, “माझं ब्लडप्रेशर जरा वर वाटतंय.” आणि निघून गेले. तेव्हापासून ते विज्ञानाच्या विरुद्ध आहेत.

बाकीच्यांची पहिली मोजणी नीट झाली. आता आठवडाभर रोज जाऊन वीस मिनिटं वीज घ्यायची आणि शेवटी परत मोजायचं, रसायनही आणि बोटंही. ताईने प्रत्येकाला हात जोडून सांगितलं होतं, घरी या खेळाचा सराव करायचा नाही. अजिबात नाही. रोजचं आयुष्य रोजच्यासारखं जगा.

पण पहिल्या मोजणीनंतर बाबा घरी आले तेच तोंड पाडून. साहेबांची बोटं बाबांपेक्षा जास्त चालली होती. हे बाबांना कसं कळलं? साहेबांनीच रिक्षात सांगितलं. बाबा पानावर बसले, उजव्या हाताने जेवत होते आणि डावा हात टेबलावर, चार, तीन, एक, छे, चार, एक… मला बघवेना. मी म्हटलं, “बाबा, असं नाही, असं.” आणि मी डाव्या हाताने करून दाखवलं. अगं, मी डावखुरी. सरसर सरसर. आई वाढता वाढता थांबली. बाबा म्हणाले, “परत कर.” मी परत केलं, आणखी जोरात. आता तू म्हणशील तुला अक्कल नव्हती का. अक्कल होती गं. पण ज्या खेळासाठी मला नको म्हटलं त्याच खेळात मी सगळ्यांत भारी निघाले, हे कुणाला तरी दिसायला नको?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला काकूंकडे नेलं. बाबा एकटे शिकून गप्प बसले असते तर ते बाबा कसले. काकूंनी माझी बोटं बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “वेग आहे, वळण नाही.” मी म्हटलं, काकू, ताईने घरी सराव करायचा नाही असं सांगितलंय. काकू म्हणाल्या, “असं म्हणावंच लागतं बाळा. मीही परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरांना सांगायचे, टेन्शन घेऊ नका, निवांत झोपा. जी खरंच झोपली ती नापास झाली.”

बाबा म्हणाले, “म्हणजे पोरीची परीक्षाच आहे ही.”

“नाहीतर काय? आपली सगळ्यांची बोटं अशी लुळी पडली तर त्या मोठ्या लोकांसमोर तिचं काय राहील? बिल्डिंगची अब्रू आहे.”

आणि सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास सुरू झाला.

तू बघायला हवं होतंस. खुर्च्या ओळीत, प्रत्येकाचा डावा हात गुडघ्यावर, समोर काकू पट्टी घेऊन आणि बाजूला मी, नमुना म्हणून. “करंगळी उचला, मेलेल्यासारखी पडू देऊ नका. चार, एक, तीन, दोन, चार. श्वास. चार, एक, तीन, दोन, चार. श्वास.” दर फेरीनंतर काकू श्वास घ्यायला लावायच्या. त्यांच्या टायपिंगच्या क्लासमधली जुनी पद्धत, ओळ संपली की एक श्वास, म्हणजे बोटं घाई करत नाहीत. दंतवैद्यीण वहिनी दोन पेशंटच्या मध्ये पळत यायच्या, हातमोजा तसाच. एकदा साहेबांनी विचारलं, “श्वास आत की बाहेर?” काकू म्हणाल्या, “आत. बाहेर आपोआप येतो, त्याला मॅनेजर लागत नाही.”

तिकडे वीज घेणं चालू होतं आणि इकडे बिल्डिंगमध्ये वेगळंच सुरू झालं. जिन्यात भेटलं की लोक एकमेकांना विचारायचे, “तुम्हाला चुरचुरलं का?” चुरचुरलं म्हणजे खरी, नाही चुरचुरलं म्हणजे खोटी, असं यांनी आपसात ठरवूनच टाकलं. ताई सांगून दमली की सुरुवातीला सगळ्यांनाच चुरचुरतं आणि मग सगळ्यांचंच कमी होतं, त्यावरून काही कळत नाही. कोण ऐकतंय. वहिनी म्हणाल्या, मला तर कानापर्यंत चुरचुरलं. बाबा म्हणाले, मला मानेपर्यंत. दोन दिवसांत चुरचुर लोकांच्या टाचांपर्यंत पोचली. खरीवाले आणि खोटीवाले असे दोन गट पडले. खरीवाले लिफ्टमध्ये आधी शिरायला लागले. आणि गाबाचं तर विचारूच नकोस. वॉचमन डुलक्या घेतो, कारण त्याचा गाबा जास्त. सून फटकन बोलते, कारण तिचा गाबा संपलेला. एका आजोबांनी ताईला बाजूला घेऊन विचारलं, “बायकोचा जरा वाढवून मिळेल का?” सोसायटीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, एवढी कॉलेजात ये-जा कशाला, मी गच्चीवर मेन लाइनमधून कनेक्शन काढून देतो. ताईने त्याच्यापुढे अक्षरशः हात जोडले. म्हणाली, दादा, ती वीज वेगळी, मोजून दिलेली असते, तुमच्या विजेने माणूस मरेल. तो म्हणाला, “आमची पण मोजूनच असते, मीटर लावलाय की.”

आणि साहेब. साहेब खरं बोलणारा माणूस, हा त्यांचा दोष. त्यांना सुरुवातीला जरा चुरचुरलं आणि मग काहीच नाही. त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं आणि तिथेच खोटीवाले ठरले. विचार कर, सोसायटीचा अध्यक्ष, आणि त्याला खोटी वीज. ते आमच्या दारात आले, शर्ट इस्त्रीचा, आणि ताईला म्हणाले, “मला खोटी वीज देण्यामागचं कारण लेखी कळवावं.”

ताई म्हणाली, “काका, तुम्हाला खोटी मिळाली हे मलाही माहीत नाही.”

“मग माहीत कुणाला आहे?”

“कुणालाच नाही.”

“म्हणजे जबाबदार अधिकारी कुणी नाही.” आणि त्यांनी कॉलेजच्या नैतिकता समितीकडे तक्रार केली. अशी एक समिती असते, प्रयोगात माणसांवर अन्याय होऊ नये म्हणून. समितीने ताईवर अन्याय केला. काम थांबवलं, तिला तीनदा बोलावलं, तीनदा बाहेर बसवलं. टर्म संपत चाललेली, आणि ही बाकावर बसून नखं खातेय. शेवटी समितीने साहेबांना उत्तर दिलं की आपल्याला कोणती वीज मिळाली हे समितीलाही माहीत नसून, ते माहीत नसण्याची योग्य व्यवस्था करण्यात आली आहे. काम परत सुरू झालं आणि साहेबांचं समाधान झालं. म्हणाले, आमचं हेड ऑफिसही असंच चालायचं.

पण मनात सल राहिलाच. आणि तिथेच घात झाला बघ. खोटीवाल्यांना वाटलं, आपल्याला फुकट बसवून ठेवलंय, मग आता आपणच काहीतरी करून दाखवलं पाहिजे. हे लोक क्लासला आधी यायचे आणि उशिरा जायचे. साहेब बाल्कनीत पेपर वाचताना डाव्या हाताने कठड्यावर चार, एक, तीन, दोन, चार. श्वास. खरीवाले आपले निवांत, आमचं काय, आमच्या आत वीज आहे.

शेवटची मोजणी झाली. कशीबशी, टर्म संपता संपता. कॉम्प्युटरने सांगितलं कुणाला काय मिळालं होतं. आणि ताई घरी आली ती नाचत. खरंच सांगते, मी तिला इतकी खूश शाळेनंतर पाहिलेली नाही. सगळ्यांची बोटं सुधारली होती, सगळ्यांचा गाबा उतरला होता, आणि ज्यांना खोटी वीज मिळाली होती त्यांचा जास्त. आणि गंमत म्हणजे लोकांनी जिन्यात जे गट पाडले होते ते बरेचसे बरोबर निघाले होते, नुसत्या योगायोगाने. साहेब खरंच खोटीवाले. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ताईचे सर तर हवेत. सर म्हणजे कसे, स्वतःच्या वाक्यावर स्वतःच मान डोलावणारे. सर म्हणाले, विजेची गरजच नाही, नुसत्या विश्वासाने मेंदूचं रसायन बदलतं, हे जगात कुणी दाखवलं नसेल. आणि त्यांना आणखी एक सापडलं. बोटांच्या आकड्यांत प्रत्येक माणसाच्या, अगदी प्रत्येकाच्या, दर फेरीनंतर एक छोटासा थांबा होता. पहिल्या मोजणीत नव्हता, शेवटच्या मोजणीत होता. सगळ्यांचा सारखाच. सर म्हणाले, ब्रेक सैल झाल्यावर मेंदू स्वतःला क्षणभर सावरून घेतो, तो हा क्षण. त्यांनी त्याला नावही दिलं, ‘सावरण्याची लहर’. परदेशातल्या एका परिषदेत ते स्वतः त्यावर बोलणार होते.

ताईने लॅपटॉप उघडून मला ती लहर दाखवली. टक टक टक टक टक, मग मोकळी जागा, मग परत टक टक टक टक टक. “बघ ना,” म्हणाली, “किती सुंदर आहे.”

अगं, मी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि मला काकूंचा आवाज ऐकू आला. श्वास.

ताई इतकी खूश. आई फोनवर मावशीला सांगतेय, आमच्या पोरीला लहर सापडली. बाबा समोर बसलेत आणि माझ्याकडे बघत नाहीत, पेपर वाचतायत, पेपर उलटा. मी स्वतःला म्हटलं, गप्प बस. कुणाचं काय बिघडलं? तिची पीएचडी होईल, सरांचं भाषण होईल, काकूंचा श्वास परदेशात जाईल. आणि मग ताई म्हणाली, “आता पुढच्या वर्षी पेशंटवर करून बघायचं. पॅरालिसिस झालेल्यांवर. विजेशिवाय होत असेल तर किती स्वस्तात होईल विचार कर.”

मग मला गप्प बसता येईना. तुला आलं असतं? थांब, आत्ता उत्तर देऊ नकोस.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं. हॉल, काकू, पट्टी, श्वास, आणि आधी कुणी शिकवलं तेही. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “सरावानेही गाबा कमी होतो. वीज नसली तरी. असं समज, मी दोन खोल्या घेतल्या, एकीत पंखा लावला, दुसरीत नाही, आणि घाम कुठे कमी येतो ते मोजलं. आणि तू पंखा नसलेल्या खोलीत जाऊन सगळ्यांना हातपंखे वाटलेस.”

मी म्हटलं, “दोन्ही खोल्यांत वाटले.”

“थँक्यू,” ती म्हणाली. अगं, ते थँक्यू मला अजून टोचतंय.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली, मीही गेले, कारण साक्षीदार मीच. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “लोकांनी घरी काय केलं हे आपण विचारलं होतं का?”

ताई म्हणाली, “नाही सर.”

“मग ते आपल्याला माहीत नाही.”

“पण आता मला माहीत आहे सर.”

“तुला कुणी सांगितलं? हिने? ही यादीत आहे का?” मी म्हटलं, नाही, मी डावखुरी. सर म्हणाले, “बघ, हिचा आकडाच नाही आपल्याकडे.” अगं, दुसऱ्यांदा. विज्ञानाने मला दुसऱ्यांदा बाहेर काढलं. सर पुढे म्हणाले, “तू अजून लहान आहेस. त्या लोकांनी स्वतः कबूल केलं तर बघू. नाहीतर लहर ती लहर.”

म्हणून ताईने हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं, सरांनाही. साधं विचारलं, “तुम्ही घरी सराव केला होता का? खरं सांगा, कुणी रागावणार नाही.”

कुणी केला नव्हता. एकानेही नाही. वहिनी म्हणाल्या, माझी बोटं मुळातच नाजूक, धंदाच तसा. बाबा, माझे स्वतःचे बाबा, म्हणाले, “आम्हाला कुठे वेळ.” साहेब उभे राहिले आणि म्हणाले, “या वयात मी गुडघ्यावर बोटं आपटत बसेन असं तुम्हाला वाटतं? माझा वेग मूळचा आहे. नोटा मोजलेला हात आहे हा.” काकूंनी तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच हॉल भाड्याने घेतला होता. सगळे विजेच्या, नशिबाच्या किंवा घराण्याच्या जोरावर हुशार झाले होते, कष्ट करून कुणीच नाही. सर समाधानाने मान डोलवत होते.

ताईने सगळ्यांच्या गुडघ्यांवरच्या हातांकडे एकदा बघितलं. मग अगदी हळू, जमिनीकडे बघत, म्हणाली, “चार.”

अगं, सगळ्यांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर उठली. एक, तीन, दोन, चार. आख्खा हॉल एका तालात, करंगळ्या वर. आणि मग सगळ्यांनी, साहेबांनी, वहिनींनी, बाबांनी, एकाच वेळी खोल श्वास घेतला. तो आवाज, अगं, जशी बस स्टॉपवर थांबावी तसा. त्यानंतर कुणाला कुठे बघावं ते कळेना. काकू तेवढ्या हळूच म्हणाल्या, “साहेबांची करंगळी अजून पडते.”

सरांनी चष्मा पुसला. परिषदेला ते गेले नाहीत. कॉलेजने नळकांडं ताईकडे आणखी थोडे दिवस राहू दिलं, एका अटीवर: माणसं नवी हवीत. उजव्या हाताची, आमच्या बिल्डिंगशी संबंध नसलेली, आणि ज्यांना हा खेळ, तो क्रम, ती खोटी वीज, यातलं काहीही माहीत नाही अशी. बिल्डिंगमध्ये आमच्याशी कुणी बोलत नाही, साहेबांनी आमच्या पार्किंगवर कुंडी ठेवलीय. आणि ताई चार दिवस भिंतीकडे बघून आज सकाळी मला म्हणाली, “तुझी ती कॉलेजची मैत्रीण उजव्या हाताची आहे ना? तिला आण. तिच्याशी एकच वाक्य बोलायचं, ‘ताईच्या प्रयोगाला येतेस का?’ त्यापुढे एक अक्षर नाही. एवढं एक काम माझ्यासाठी नीट कर.”

मी म्हटलं, ताई, यात काय एवढं. एक तर वाक्य आहे.

तर तेच विचारायला मी आले होते.

अशी बघू नकोस. आणि… थांब. तो कप खाली ठेव. तुझा डावा हात टेबलावर काय करतोय? अगं, बोटं थांबव. आणि तू श्वास का घेतलास आत्ता?

नाही, आता तू मला सांग. खरंखरं सांग. ते एकच वाक्य घेऊन माझ्या जागी तू इथे आली असतीस, तर तू काय केलं असतंस?